बिनडासाचे एकशे आठ दिवस

देवाकडे काही मागायचं तर अंगावर काही घेऊन मागावं, फुकट मागू नये, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे. म्हणून डॉक्टरीणबाईंनी यांच्याकडे बघून ते वाक्य उच्चारलं, तेव्हा दवाखान्यातल्या खुर्चीत बसल्या बसल्याच मी डोळे मिटले आणि संकल्प सोडला.

वाक्य असं होतं : "गेल्या वर्षी डेंग्यू होऊन गेला, बरे झालात, छान. पण त्याच्या वेगवेगळ्या जाती असतात. दुसऱ्यांदा वेगळ्या जातीचा झाला तर तो जास्त जड जाऊ शकतो. तेव्हा डास चावू देऊ नका."

"मी कुठे चावू देतो?" हे म्हणाले. "ते विचारतच नाहीत."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या हसल्या असत्या तर कदाचित मीही एवढं मनावर घेतलं नसतं.

यांचं काम लिफ्टच्या देखभालीचं. कंपनीने तीन वर्षांसाठी या उष्ण, दमट परदेशात पाठवलं, तेव्हा मला वाटलं होतं की लिफ्टचं काम म्हणजे वरचं काम. प्रत्यक्षात ते खालचं निघालं. प्रत्येक लिफ्टच्या तळाशी एक खड्डा असतो आणि इथल्या प्रत्येक खड्ड्यात पाणी असतं. म्हणजे माझे यजमान रोज सकाळी डबा घेऊन डासांच्या माहेरी जातात.

संकल्प असा होता : एकशे आठ दिवस यांना एकही डास चावणार नाही, आणि तोवर मी एकवेळ जेवीन. मध्येच चावला तर पुन्हा पहिल्या दिवसापासून. ही शेवटची अट कोणी मागितली नव्हती. पण अटीशिवाय व्रत म्हणजे कडीशिवाय दार, कोणीही ढकलून आत यावं.

"पण यात माझ्या हातात काय आहे?" घरी येताना यांनी विचारलं.

"सावधपणा."

"आणि डासाच्या?"

"त्याचं देव बघेल."

यांनी तीन बोटं मोजली. मग म्हणाले, "म्हणजे तिघांत मीच कच्चा आहे."

मी या डासाची माहिती काढली. तो दिवसाढवळ्या चावतो. सकाळी जरा जास्त आणि संध्याकाळी दिवे लागण्याआधी, म्हणजे थेट माझ्या पूजेच्या वेळा साधून. अंगावर पांढरे पट्टे. अंडी घालायला गटार चालत नाही, साठलेलं पण स्वच्छ पाणी लागतं. खोटं कशाला सांगू, वाचताना मला त्याच्याबद्दल थोडा आदरच वाटला. इतकं सोवळं आमच्या घराण्यातही आता कोणी पाळत नाही.

समोरच्या दारात वहिनी राहतात. आपल्याच भाषेच्या, त्यांचे यजमान यांच्याच कंपनीत. सल्ला मागायला गेलं तर त्या देतातच, न मागता मात्र सविस्तर देतात.

"जाळी लावून घ्या, ताई. दारं, खिडक्या, बाल्कनी, सगळं. माझ्या जावेने तर नवऱ्याच्या आरामखुर्चीलासुद्धा जाळी शिवली होती."

"मग?"

"मग काय, ते आत, ती बाहेर. अजून संसार सुखाचा चाललाय."

जाळीसाठी इमारतीच्या कार्यालयात अर्ज करावा लागतो. तिथल्या कारकुनाने माझा अर्ज दोन्ही बाजूंनी वाचला. मागची बाजू कोरी होती, तीही वाचली. (इथल्या माणसांचं बोलणं मी आपल्या भाषेत देते आहे. त्यांची भाषा मला पोटापुरती येते, आणि पोट तर मी एकवेळच भरत होते.)

"जाळीचा रंग लिहिला नाहीत."

"जाळीला कुठे रंग असतो? आरपार दिसतं तिच्यातून."

"इमारतीच्या दर्शनी भागाचा प्रश्न आहे. रंगाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही."

"मग पारदर्शक लिहा."

त्याने यादी काढली, बोट फिरवत शेवटपर्यंत गेला आणि खऱ्या दुःखाने म्हणाला, "पारदर्शक यादीत नाही. ढगाळ आहे. चालेल?"

मी म्हटलं, चालेल. आणि काय सांगू, जाळी लागली तेव्हा घर खरोखरच ढगाळ झालं. बाल्कनीतून समोरचं झाड दिसे, पण दुधात बुडवून काढल्यासारखं. रस्त्यावरून जाणारी माणसं आधी आठवावीत आणि मग दिसावीत, अशी दिसत. वाऱ्याने जाळी फुगली की सबंध घर एक श्वास घेई आणि सावकाश सोडी. दुपारी जपाची माळ घेऊन बसले की मी जमिनीपासून चार बोटं वर आहे असं वाटे. माझी साधना फळाला येते आहे असं मी धरून चालले. एकवेळ जेवणाने भोवळही येते, हे मला नंतर कळलं.

पण चौथ्याच दिवशी यांना कानामागे डास चावला. जाळीमुळे बाहेरच्या डासांना आत येता येत नव्हतं हे खरं, पण आतल्यांनाही बाहेर जाता येत नव्हतं. ते बिचारे आमच्याबरोबर अडकले होते. पुन्हा पहिला दिवस.

अकराव्या दिवशी तर माझ्या डोळ्यांदेखत चावला. सकाळचा जप पुरा होईपर्यंत मी बोलत नाही, हा माझा तीस वर्षांचा नेम. मी एकाहत्तराव्या मण्यावर होते, हे समोर वर्तमानपत्र वाचत होते, आणि यांच्या मानेवर तो पांढऱ्या पट्ट्यांचा सोवळा येऊन बसला. मी डोळ्यांनी खूण केली. हात उंचावला. स्वतःच्या मानेवर टिचक्या मारून दाखवल्या.

"चहा हवाय?" यांनी विचारलं.

मी मान जोरजोरात हलवली. हे उठले, डासासकट स्वयंपाकघरात गेले आणि चहा करून घेऊन आले. मी तो चहा घेतला. दुसरं काय करणार? पुन्हा पहिला दिवस.

तिसऱ्यांदा तेविसाव्या दिवशी मोडलं, तेव्हा वहिनी म्हणाल्या की आता घरगुती उपाय पुरे, आरोग्य खात्याकडून धूर मारून घ्या. मी गेले. खिडकीमागच्या साहेबांनी फॉर्म पुढे ओढला.

"रुग्णाचं नाव?"

"रुग्ण अजून कोणी नाही."

"मग धूर कशासाठी?"

"रुग्ण होऊ नये म्हणून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, रुग्णाच्या घरापासून पन्नास मीटरपर्यंत धूर मारायचा, असा नियम आहे. रुग्णच नसेल तर पन्नास मीटर मोजायचे कुठून?"

माझा चेहरा पाहून साहेब विरघळले. "असं करा, तपासणीचा अर्ज द्या. आमची माणसं इमारतीत घरोघर बघतील. कुठे डासांच्या अळ्या सापडल्या की त्या घरापासून मीटर मोजता येतात. मग धूर आपोआप."

मी आनंदाने अर्ज दिला. कोणाकडे अळ्या सापडतील, याचा अंदाजही मनात बांधून ठेवला. वरच्या मजल्यावर सतरा कुंड्या आहेत. परनिंदा मी करत नाही, पण कुंड्या मोजल्या होत्या.

ठरल्या दिवशी तपासनीसबाई आल्या. हातात बॅटरी आणि लांब दांड्याचा पांढरा डाव. मागोमाग इमारतीचे राखणदार काका, आणि त्यांच्या मागे वहिनी. वरच्या सतरा कुंड्यांखालच्या ताटल्या कोरड्या ठणठणीत निघाल्या. वहिनींच्या फ्रिजमागचा ट्रे पुसलेला. मग सगळे आमच्याकडे आले. मी बाथरूम दाखवलं, बादल्या पालथ्या घातलेल्या दाखवल्या. देवघरापाशी आल्यावर मात्र नम्रपणे म्हटलं, "इथे बघायची गरज नाही. इथे रोज चार वेळा पुसलं जातं."

"मी फक्त पाय बघते," बाई म्हणाल्या.

मला वाटलं देवाचे. त्या जमिनीवर चक्क आडव्या झाल्या आणि त्यांनी देव्हाऱ्याच्या पायांवर बॅटरी मारली.

आता सांगायला हवं की माझा देव्हारा लाकडी आहे, चार पायांचा, आणि नैवेद्याच्या साखरेला मुंग्या लागू नयेत म्हणून चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले असतात. मुंग्यांची पावडर मी वापरत नाही. जीव घ्यायचा नाही, नुसतं अडवायचं. पाण्यापाशी येऊन मुंगी विचार करते आणि परत जाते. इतकी सात्त्विक व्यवस्था मला दुसरी माहीत नाही.

बाईंनी डाव बुडवला आणि वर धरला. पाण्यात बारीक बारीक स्वल्पविराम उड्या मारत होते.

"चारही वाट्यांत," त्या म्हणाल्या. "हे पाणी रोज बदलत नाही?"

"देवाचं रोज बदलते," मी म्हटलं. "हे मुंग्यांचं आहे."

राखणदार काकांनी टोपी काढली, का ते मला कळलं नाही. वहिनी छताकडे बघत होत्या. आमच्या दारावर, जिथे मी रोज सकाळी हळदीकुंकवाची बोटं लावते त्याच्या बरोबर वर, लाल कागद चिकटला : या घरात डासांची पैदास आढळली आहे. चौदा दिवस काढायचा नाही.

संध्याकाळी यांनी तो कागद उभ्यानेच वाचला. "मला वाटलंच होतं आपल्या घरचे आहेत म्हणून. परके इतक्या आपुलकीने चावत नाहीत."

दुसऱ्या दिवशी धूर आला. मीटर आमच्या देव्हाऱ्यापासून मोजले होते. एक माणूस पाठीवर घरघरणारं यंत्र लावून रस्त्याने चालत गेला आणि त्याच्यामागे रस्ता पुसला गेला. आधी फुटपाथ गेला, मग गाड्या, मग समोरचं झाड. घरं सोडून सगळे खाली उतरले होते, तोंडाला रुमाल लावून. त्या पांढऱ्यात कोणाचे नुसतेच खांदे तरंगत होते, कोणाची छत्री एकटीच चालली होती. मी पदर नाकाला लावून मध्येच उभी राहिले. लाल कागदाची बाई मीच, हे तिथे कोणालाच दिसत नव्हतं. स्वर्ग असाच असेल का, मला वाटलं. कोण कुठल्या घरातून आलं ते कोणी विचारत नाही. मग धूर विरला आणि वरच्या सतरा कुंड्यांच्या बाई अगदी माझ्या शेजारीच उभ्या निघाल्या. त्या म्हणाल्या, "नमस्कार." एवढंच म्हणाल्या. तो नमस्कार मला अजून बोचतो.

माझ्या देवाच्या पायाखाली मी तो रोग पोसत होते, हे काही केल्या पचेना. मला वाटलं, आपलं व्रतच लेचंपेचं आहे. वाट्या काढून टाकल्या, साखर घट्ट झाकणाच्या डब्यात गेली, आणि नवा पहिला दिवस सुरू करताना मी अटीत वाढ केली : यांना डास चावेल त्या दिवशी निर्जळी उपास. पाण्याचा थेंबही नाही.

हे ऐकून यांचा चेहरा उतरला. तो मी पश्चात्ताप समजले.

आणि चमत्कार झाला. डास चावायचे थांबले. दहा दिवस झाले, वीस झाले, चाळीस झाले. मी रोज संध्याकाळी विचारी, "आज?" आणि हे म्हणत, "आज नाही." एवढ्या उकाड्यात हे घरातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालू लागले, पायात मोजे. माझ्या व्रताला यांनी किती मनापासून साथ दिली, म्हणून माझे डोळे भरून येत. दुपारी ढगाळ जाळीमागे माळ ओढताना मला मधूनमधून घंटा ऐकू येत, कधी भिंती मागे सरकत. एकदा जिन्यात पाच पायऱ्या उतरून मी बसले ती बराच वेळ बसूनच राहिले. फार शांत वाटत होतं. राखणदार काकांनी पाणी आणून दिलं आणि ते कोणाला तरी फोन करायला गेले. मला वाटलं, किती भला माणूस.

एकसष्टाव्या दिवशी हे दुपारी दोनलाच घरी आले.

"आज लवकर?"

"लिफ्ट लवकर सुधारली," हे म्हणाले आणि चादर ओढून बसले. कपाळाला हात लावायला गेले तर मागे सरकले. "तू सोवळ्यात आहेस ना, मी बाहेरून आलोय." माझ्या सोवळ्याची इतकी काळजी यांनी लग्नातही केली नव्हती. पुढचे दोन दिवस हे सकाळी डबा घेऊन जात आणि उन्हं कलायच्या आत परत येत.

तिसऱ्या दिवशी वहिनी आल्या. उंबऱ्यातच उभ्या राहिल्या, आत येईनात.

"ताई, मला शपथ घातली होती, ती मोडते. मला काय पाप लागायचं ते लागो. भाऊजींना ताप आहे. परवापासून. माझ्याकडून गोळ्या नेतात."

"कसल्या गोळ्या?"

"साध्या तापाच्या. दुसऱ्या कसल्या दिल्या नाहीत मी, विचारून घेतलं होतं. आणि मलम."

"मलम कशाला?"

वहिनी लाल कागदाच्या राहिलेल्या डागाकडे बघत म्हणाल्या, "चावतात ना."

"कधीपासून?"

"ते थांबलेच कधी होते, ताई?"

राखणदार काकांना माहीत होतं. वहिनींच्या यजमानांना माहीत होतं. बहुधा सतरा कुंड्यांनाही माहीत असावं. माझ्या यजमानांचे डास सगळ्या इमारतीच्या ओळखीचे होते, फक्त मला त्यांचा पत्ता नव्हता. पण अपमान वाटायला त्या वेळी सवड नव्हती. मी आत गेले, आणि सोवळंबिवळं बाजूला ठेवून यांची बाही वर सारली.

मनगटापासून कोपरापर्यंत ठिपके होते. काही जुने, काळे पडलेले, काही ताजे. अंग तव्यासारखं तापलं होतं.

"किती?" मी विचारलं.

"मोजले नाहीत. मोजायचं काम तुझं."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगून काय झालं असतं? तू पाणीसुद्धा प्यायली नसतीस." हे थांबून थांबून बोलत होते. "जिन्यात बसलीस त्या दिवशी काकांनी फोन केला मला. मी खड्ड्यात उभा होतो. मी ठरवलं, डास परवडले."

"आणि ताप?"

"तापही त्याच हिशेबात गेला."

मी देवाकडे मागितलं होतं की यांना डास चावू नये. आणि चावला तर यांना मला सांगता येऊ नये, अशी व्यवस्था मात्र माझी मीच करून ठेवली होती. सोवळ्याचा नेम मोडायला मला तीस वर्षं जमलं नव्हतं, त्या दिवशी चपला घालण्याइतका वेळ लागला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ताप कधीपासून?" यांनी माझ्याकडे पाहिलं.

"खरं सांगा," मी म्हटलं.

"आजचा तिसरा दिवस."

"मग आज का आणताय?" हे त्यांनी मला विचारलं.

खोटं मी बोलत नाही. "माझं व्रत होतं," मी म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. त्या मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

डेंग्यूच निघाला, दुसऱ्यांदा. दाखल करून घेतलं. खाटेवर पांढरी जाळी सोडली तेव्हा मी नर्सबाईंना म्हटलं, आता जाळीचा काय उपयोग, चावायचा तो चावून गेला. त्या म्हणाल्या, "यांना चावलेला डास दुसऱ्याला आजार देईल. म्हणून जाळी."

"म्हणजे आता डासांना माझ्यापासून जपायचं," हे आतून म्हणाले. आवाज इतका बारीक होता की हसावं की नाही ते कळेना.

चौथ्या दिवशी ताप उतरला. मी हात जोडले. नर्सबाईंनी माझे जोडलेले हात सोडवून त्यात एक तक्ता दिला. "खरं लक्ष आत्ता ठेवायचं. ताप उतरला की पुढचे दोन दिवस नाजूक असतात. पोटात दुखतंय का, उलटी, हिरड्यांतून रक्त, काहीही झालं तरी लगेच सांगायचं. पाणी किती प्यायले, लघवी किती झाली, सगळं लिहायचं."

रक्तातल्या प्लेटलेट्सचा आकडा सकाळी खाली आला होता. दुपारी आणखी खाली गेला. मी जाळी वर करून आत शिरले आणि खाटेच्या कडेला बसले. बाहेरचा वॉर्ड धूसर झाला. माणसं हलत होती, पण आवाज दुरून येत होते, तळ्याच्या काठावरून यावेत तसे. त्या पांढऱ्या खोलीत आम्ही दोघंच. मी पेला पुढे केला. यांनी तोंड फिरवलं.

"तू जेवलीस?"

"माझी वेळ सकाळीच होऊन गेली."

"मग माझीही होऊन गेली."

"अहो, हट्ट नको. डॉक्टरांनी पाणी प्यायला सांगितलंय."

"मी संकल्प सोडलाय," हे डोळे मिटून म्हणाले. "तू एक घास, मी एक घोट. आणि यात अट अशी आहे की आधी तू."

इतकी काटेकोर अट मीसुद्धा कधी घातली नव्हती. नर्सबाईंनी भात आणून दिला, नुसता, गार झालेला, चिमूटभर मीठ. बाहेर दिवस कलला होता. मी मनात देवाला म्हटलं, उद्यापन असं करते आहे, गोड मानून घे. एक घास मी, एक घोट हे. भात संपला तेव्हा पेला चौथ्यांदा रिकामा झाला होता आणि मी तक्त्यावर लिहिलं : पाणी, चार पेले. त्या रकान्यात माझ्या भाताला जागा नव्हती.

ताप उतरल्यानंतरच्या तिसऱ्या सकाळी आकडा वर सरकू लागला.

घरी आल्याला आता पंधरवडा झाला. परवा दिवेलागणीआधी आम्ही बाल्कनीत बसलो होतो. हे अजून अशक्त आहेत, थोडं बोललं तरी दमतात. समोरचं झाड ढगात उभं होतं. मी वाती वळत होते. हे बराच वेळ झाडाकडे पाहत होते, मग माझ्याकडे वळले.

"अगं, चावला."

माझे हात थांबले. पण यांनी नजर चुकवली नाही.

"कुठे?"

"डाव्या घोट्याला. आत्ताच."

मी आतून मोजे आणले, यांचा पाय मांडीवर घेतला. घोट्यावर तांबूस गांधी उठत होती. आज बुधवार, हे मी मनात टिपून ठेवलं. ताप बघायचा तर या वारापासून.

"अजून एक सांगू?" यांनी विचारलं.

"सांगा."

"उजव्यालाही."

"सांगत राहा," मी म्हटलं, आणि पंखा यांच्या पायांकडे वळवला.